नोंदणीआधीचा फ्लेक्स

माझी इंटर्नशिप संपली आणि त्याच आठवड्यात वारज्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. मी बसमधून उतरले, सहज मान वर केली आणि जागच्या जागी थांबले. मागून उतरणाऱ्या बाई माझ्यावर आदळल्या. "अहो, उभं राहायला अख्खा स्टॉप मोकळा आहे," त्या म्हणाल्या. मी वरच बघत होते.

फ्लेक्सच्या मधोमध माझे मामा होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हात जोडलेले. वरच्या ओळीत वॉर्डातून निवडणुकीला इच्छुक असलेली मंडळी होती. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो कापून लावलेली मी. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता, म्हणून फ्लेक्सवाल्याने कुणाचा तरी आणून चिकटवला होता. त्याचं एक टोक माझ्या कानाशी होतं आणि दुसरं मामांच्या कोपरात शिरलं होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आमची लाडकी भाची फुफ्फुसतज्ज्ञ डॉ.', पुढे माझं संपूर्ण नाव आणि मग 'हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार'.

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांचं नाव डेपोतल्या ड्युटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं मी पाहिलं होतं, त्यापलीकडे आमचं आडनाव कुठे लागल्याचं मला आठवत नाही. आणि इथे ते पुण्यात, सिग्नलला थांबलेल्या सगळ्या गाड्यांच्या डोक्यावर होतं. मग माझी नजर त्या 'डॉ.'वर गेली आणि आनंद तिथेच संपला.

कारण मी डॉक्टर नव्हते. मी शिकले ते रेस्पिरेटरी थेरपी. मराठीत श्वसनोपचार म्हणतात, पण आमच्याकडे दोन्ही शब्द सारखेच अनोळखी. ज्याला स्वतःचा श्वास पुरत नाही त्याच्या श्वासाची व्यवस्था बघायची, हे आमचं काम. ऑक्सिजन, वाफ, मास्क, व्हेंटिलेटर. काय करायचं ते डॉक्टर ठरवतात, आणि माणूस आणि मशीन यांचं जमवून आणायचं ते आम्ही. वडिलांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते जेवत होते. आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी.च्या डेपोत ते टायरच्या कामाला होते. घास तोंडात ठेवून ते म्हणाले, "म्हणजे माणसात हवा भरायची."

"हो."

"प्रेशर बघून?"

"हो, प्रेशर बघूनच."

"मग चांगलं काम आहे. जास्त भरली की फुटतं, एवढं ध्यानात ठेव."

पहिल्या वर्षी वर्गात जास्त दाबाने फुफ्फुसाला होणारी इजा शिकवायला घेतली, तेव्हा मला हसू आवरेना आणि मॅडमनी मला उभं केलं.

या मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. शहरातल्या जुन्या पेठेत वाढलेल्या, बारीक चणीच्या आणि बोलायला अशा की समोरच्याला आधी वाटावं आपलं कौतुक चाललंय. आम्हाला त्यांनी अतिदक्षता विभागात पहिल्यांदा नेलं तेव्हा मशीन दाखवायच्या आधी नियम सांगितला. आमच्यासारख्यांनी राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करायची, हा कायदा तेव्हा नवाच होता. आधीच्या लोकांनी अनुभवावर नोकऱ्या केल्या होत्या. आमची तुकडी पहिल्यापासून कायद्यात वाढलेली.

"नियम सोपा आहे," मॅडम म्हणाल्या. "विद्यार्थ्याने मशीनला हात लावायचा तो नोंदणी झालेली व्यक्ती शेजारी उभी असतानाच. शेजारी म्हणजे शेजारी. कॅन्टीनमध्ये नव्हे. पास झालात तरी परिषदेकडून नोंदणी क्रमांक येईपर्यंत तुम्ही एकट्याने काही करायचं नाही, आणि स्वतःला काही म्हणवूनही घ्यायचं नाही. क्रमांक आला की तुम्ही श्वसनोपचार तज्ज्ञ. डॉक्टर तेव्हाही नाही."

कुणीतरी विचारलं, "मॅडम, एकदा क्रमांक आला की झालं ना?"

"नाही. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि दरम्यान काही शिकलात याचा पुरावा द्यायचा. तुमचा चेहरा का पडला? शिकायला आलात ना?"

मशीनला चुकूनही हात लागू नये म्हणून त्यांनी आम्हाला एक शिस्त लावली होती. राउंडला विद्यार्थ्याचे हात पाठीमागे. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायचं आणि डोळे पडद्यावर ठेवायचे. पडद्यावर श्वासाच्या लाटा सरकत असत, दाबाची एक, प्रवाहाची एक. सुरुवातीला मला त्यात काहीच कळत नसे. मग एके दिवशी, कसं कोण जाणे, त्या लाटा मला वाचता यायला लागल्या. हा माणूस मशीनशी भांडतोय, याच्या नळीत कफ अडकलाय, याला आता स्वतःहून श्वास घ्यायचाय. लहानपणी पाटीवरची अक्षरं पहिल्यांदा जुळून शब्द झाला असेल, तेव्हा वाटलं असेल तसं वाटलं. मी मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर वळ उठले. मी पुटपुटले, "मॅडम, कफ." मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बघत काय बसलीस? मी शेजारी आहे ना? हात धू." त्या दिवशी मी कॅन्टीनच्या कढीलासुद्धा चांगली म्हणाले.

आणि आता परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, इंटर्नशिप संपली होती. हॉस्पिटलमध्ये अतिदक्षतेचा नवा मजला सुरू व्हायचा होता. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "जागा आहे. तुझं नाव मी सांगितलंय. क्रमांक आण आणि ये. मजला सुरू होईपर्यंत आला नाही तर ते दुसरं कुणी घेतील, मी अडवू शकणार नाही." परिषदेचे अधिकारी पुढच्या सोमवारी कॉलेजात येऊन सगळ्यांची मूळ कागदपत्रं तपासणार होते. त्यांची सही झाली की क्रमांक यायचा. मात्र नोंदणीआधी कुणी व्यवसाय करतंय, किंवा नसलेली पदवी मिरवतंय असं त्यांना दिसलं, तर त्याचा अर्ज बाजूला ठेवायचा. बाजूला म्हणजे किती दिवस, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मी चौकात 'फुफ्फुसतज्ज्ञ डॉ.' म्हणून लटकत होते.

मी धावतच घरी आले. घर म्हणजे मामांचं. वारजे गाव शहरात आलं तसं मामांच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या. त्यांनी बंगला बांधला, पण बंगल्यामागचा गोठा आणि त्यातल्या दोन म्हशी काही सोडल्या नाहीत. बारावीनंतर या अभ्यासक्रमाचं नाव आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी काढलं, आणि पुण्यात राहायचं कुठे हा प्रश्न आला, तेव्हा मामा जीप घेऊन आले आणि माझी ट्रंक उचलून म्हणाले, "भाची म्हंजे लेकच." चार वर्षं त्यांनी मला मुलीसारखं सांभाळलं. त्यांना काही सांगायचं म्हणजे माझी जीभ जड व्हायची. तरी सांगितलं.

"मामा, तो फ्लेक्स काढायला सांगा."

मामा म्हशीला चारा टाकत होते. "का गं? फोटो बारीक आलाय व्हय? म्हटलं होतं त्याला, पोरीचा मोठा घे म्हनून."

"मी डॉक्टर नाही, मामा."

"बरं. मग कोन हायस?"

इथे माझी पंचाईत झाली. विद्यार्थी मी आता नव्हते आणि तज्ज्ञ अजून झाले नव्हते. "सध्या कोणीच नाही," मी म्हणाले.

मामांनी मामींना हाक मारली. "अगं ऐकलं का? चार वर्सं दवाखान्यात जातीया आन् म्हनती कोनीच न्हाय."

मामी दारात आल्या. "तिची नोंदणी व्हायचीय अजून. सोमवारी हाय म्हनत होती की."

"मग व्हईल सोमवारी. लग्नाच्या पत्रिका लग्नाआधीच छापत्यात का न्हाई?"

मी नियम समजावून सांगायला लागले, पण मामांच्या मते नियम हे ज्यांचा कुणी वाली नाही त्यांच्यासाठी असतात, आणि फ्लेक्सवर वरच्या ओळीत पाच वाली होते.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सचा फोटो आमच्या तुकडीच्या ग्रुपवर आला. कुणीतरी खाली लिहिलं, 'अपॉइंटमेंट मिळेल का?' मग एकाने लिहिलं, 'मामांच्या कोपराला आधी दाखवा, स्टेथोस्कोप घुसलाय.' मीही हसण्याचं चित्र टाकलं. दुपारी मॅडमचा फोन आला.

"नमस्कार डॉक्टर. आपल्याला वेळ आहे का?"

"मॅडम, ते मामांनी..."

"ते दिसलं. इतके मामा एका फ्लेक्सवर मी प्रथमच पाहिले. सोमवारपर्यंत काढ. आणि अधिकाऱ्यांनी विचारलं तर लपवायचं नाही. कळलं?"

"मॅडम, जागा जाईल का हो?"

मग नेहमीचा सूर सोडून त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही गं. म्हणून तर म्हणतेय, काढ."

मी संध्याकाळी पुन्हा मामांच्या मागे लागले. त्यांनी "बघू" म्हटलं. आमच्या मामांचं 'बघू' म्हणजे नाही.

पण फ्लेक्सने आपलं काम करायला सुरुवात केली होती. शनिवारी सकाळी मी उठून खाली आले तर ओसरीवर चपला. एक गृहस्थ छातीचा एक्स-रे घेऊन आले होते, एक बाई घोरणाऱ्या नवऱ्याला घेऊन. मामा त्यांना चहा देत होते. "या डॉक्टर," ते मला म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मला राग यायच्या ऐवजी रडू यायला लागलं. मी हात जोडून दोघांनाही सांगितलं की मी डॉक्टर नाही, आणि कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगितलं. घोरणारे गृहस्थ सुटल्यासारखे हसले. एक्स-रेवाले म्हणाले, "मग बोर्डावर कशाला टाकलंय?" आणि चहा अर्धवट ठेवून गेले. मामांनी तो कप उचलून आत नेला.

तेवढ्यात भावकीतल्या आबांचा मुलगा पळत आला. आबा मामांचे चुलते. दम्यासारखा जुना आजार, बिडीने झालेला. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. "ताई, चला जरा. आबा काय धड बोलत न्हाईत. मशीन वाढवून द्या थोडं."

मामा उठलेच. "चल गं. आता हितं तर तुझंच काम हाय."

आबांचं घर गल्लीच्या टोकाला. मी आत गेले आणि खरं सांगते, भीती वाटायच्या आधी माझं डोकं आपोआप चालू झालं. आबा बसल्या बसल्या पेंगत होते. हाक मारली की डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. गाल लालसर, तळहात उबदार. मी म्हटलं, "आबा, दोन्ही हात पुढे करा, रहदारीच्या पोलिसासारखे." त्यांनी केले. पंजे फडफडत खाली पडायला लागले. मशीनवर बघितलं तर काटा डॉक्टरांनी तिथेच लिहून चिकटवलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी वर.

"हे कुणी वाढवलं?"

"मीच. त्यांना दम लागत होता," मुलगा म्हणाला. "अजून वाढवा ना थोडं."

पुस्तकातलं पानच माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. अशा जुन्या आजारात ऑक्सिजन भसाभस दिला की आतला वाईट वायू साठत जातो आणि माणूस झोपेत बुडत जातो. सगळं मला दिसत होतं. गोल बटण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. आणि माझे हात पाठीमागे होते. कधी गेले ते मला कळलंही नव्हतं.

"फिरव की!" मामा म्हणाले. "बघत काय ऱ्हायलीस?"

"मला हात लावता येणार नाही, मामा. आबांच्या डॉक्टरांचा नंबर द्या. आत्ता."

"अगं, तुला येतंय ना?"

"येतंय. म्हणूनच सांगते, फोन लावा."

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. भाऊबंदांसमोर त्यांची मान खाली गेली होती. आबांची सून पदर तोंडाशी धरून मला न्याहाळत होती, ही कसली चार वर्षं शिकली म्हणून. पण फोन लागला. मी स्पीकरवर टाकला आणि दिसलं ते सगळं एका दमात सांगितलं. पेंग, हात, काटा कुठे हवा, काटा कुठे आहे. शब्द ओळीने येत होते. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. मग म्हणाले, "मुलाला सांगा, काटा मी लिहिलेल्या जागेवर आणायचा. आणि लगेच घेऊन या. लगेच." मुलाने बटण फिरवलं. मामांनी जीप काढली.

नेलं ते आमच्याच हॉस्पिटलमध्ये, कारण ते डॉक्टर तिथेच बसायचे. मॅडम खाली आल्या. आबांना मास्क लावून श्वासाला जोर देणाऱ्या मशीनवर घेतलं. मॅडम पट्टे आवळत होत्या, पडदा बघत होत्या, डॉक्टरांना आकडे विचारत होत्या, पुन्हा पट्टे सैल करत होत्या. मी पायाशी उभी राहून बघत होते. लाटा सुरुवातीला वेड्यावाकड्या होत्या, मग हळूहळू मशीनशी जुळत गेल्या. मला तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुपारी आबांनी डोळे उघडले आणि मास्कच्या आतून सुनेला काहीतरी रागावून म्हणाले. काय म्हणाले ते कळलं नाही, पण सून हुंदके देत हसायला लागली.

मामा दाराच्या काचेतून सगळं बघत होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाई तुझ्यासारख्याच शिकलेल्या?"

"हो. माझ्याहून खूप जास्त अनुभवी."

"त्येंना हात लावता येतो."

"त्यांची नोंदणी आहे. उद्या काही चुकलं तर त्यांना विचारता येतं. मला आज कुणी विचारू शकत नाही, मामा. म्हणून मला हातही लावता येत नाही."

मामा कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे तुझ्यावर अजून एल हाय!"

"काय?"

"आपल्या पोरानं गाडी शिकताना लावला होता न्हवं का, लाल. गाडी येत होती त्याला. झकास येत हुती. पन शेजारी मी बसल्याबिगर काढायची न्हाय." ते स्वतःवरच खूश झाले. "आरं मग असं सांगायचं की आधी! नोंदणी-नोंदणी काय लावलंय."

मी इतकी हसले की सिस्टरांनी दटावलं. चार वर्षं कायद्याचं पुस्तक वाचून मला जमलं नव्हतं ते मामांना एका लाल अक्षरात जमलं होतं.

रविवारी संध्याकाळी मी चौकात गेले, फ्लेक्स उतरवला का ते बघायला. उतरवला नव्हता. 'फुफ्फुसतज्ज्ञ' या शब्दावर पांढरी पट्टी होती. आणि 'डॉ.'च्या जागी, लांबूनही दिसेल असा, पांढऱ्या चौकोनात लाल एल चिकटवला होता. खाली दोन रिक्षावाले उभे होते. त्यातला एक म्हणत होता, "एल म्हणजे कुठला पक्ष?"

मी फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'छान. पण नियमाने मागच्या बाजूलाही लावायला हवा.'

सोमवारी कॉलेजच्या वाचनालयात टेबलं मांडली होती. माझ्या टेबलावरचे अधिकारी वयस्कर होते, चष्मा नाकावर, आवाज अगदी शांत. गुणपत्रिका पाहिल्या, इंटर्नशिपचा दाखला पाहिला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव वाचून विचारलं, "इथून आलात?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "लांबून आलात," आणि मला एवढ्यानेच धीर आला. मग त्यांनी सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न विचारला.

"नोंदणीआधी कुठे काम केलंय? नावापुढे काही लावता?"

"मी नाही लावत," मी म्हणाले. आणि पुढे गेलेच. "पण लावलं गेलंय."

मी मोबाइल पुढे केला. आधीचा फोटो आणि नंतरचा. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोटांनी चित्र मोठं केलं.

"हे मधले कोण?"

"माझे मामा."

"वरचे?"

"इच्छुक."

"आणि आपण कुठे आहात?"

"खाली. कोपऱ्यात."

"मग फारसं कुणी वाचलं नसेल." ते हसले नाहीत. "हा एल कुणी लावला?"

"मामांनीच. मी नियम सांगितल्यावर."

"म्हणजे त्यांना नियम कळला. आमच्या कार्यालयातही सगळ्यांना कळलेला नाही." त्यांनी पेनाचं टोपण बसवलं. "तरीही, फ्लेक्स आहे तोवर मला सही करता येणार नाही. काढा आणि मोकळ्या चौकाचा फोटो आणून दाखवा. मी इथे पाच वाजेपर्यंत आहे."

मी मामांना फोन केला. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. "आलो," म्हणाले. मी रिक्षाने वारज्याला पोहोचले तेव्हा मामा स्वतः शिडीवर होते, खाली मामी शिडी धरून उभ्या. "हळू! पडाल आन् मग हिलाच बघावं लागंल," मामी ओरडत होत्या. "तिला चालत न्हाय अजून," मामा वरून म्हणाले. दोऱ्या तुटल्या, फ्लेक्स फडफडत खाली आला. मी मोबाइल वर केला. आणि तेवढ्यात त्याच बांबूंवर दोन पोरं दुसरा फ्लेक्स चढवायला लागली. कुणा दादांचा वाढदिवस.

"अरे, जरा थांबा की! फोटो काढायचाय," मी म्हणाले.

"ताई, दादा सहाला केक कापणारेत. आमाला न्हाय थांबता येत."

"बाळांनो, एक मिनिट," मामा शिडीवरून म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच मी त्यांना विनवणीच्या सुरात ऐकलं. "पोरीच्या नोकरीचं काम हाय."

पोरं थांबली. पण त्यांचा फ्लेक्स अर्धा उलगडलेला होताच. माझ्या फोटोत चौक आला, शिडीवरचे मामा आले आणि दादांचा एक डोळा आला.

अधिकाऱ्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "मोकळा चौक म्हटलं होतं मी."

"सर, याहून मोकळा तो होत नाही."

तेव्हा मात्र ते हसले. खांदे हलेपर्यंत हसले, आणि हसत हसतच त्यांनी सही केली.

फ्लेक्स मामींनी घडी करून नेला आणि गोठ्याच्या गळक्या पत्र्याखाली आतून बांधला. छापील बाजू खाली. म्हशींना वर बघितलं की मी दिसत असणार. त्यानंतर क्रमांकाची वाट बघण्याचे दिवस आले. मोबाइल उशाशी, मोबाइल ताटाशी. मामा रोज विचारायचे, "एल निघाला का?" वडील गावाहून विचारायचे, "हवा भरली का?" आणि एके दिवशी, मी मामींबरोबर मंडईत मेथी निवडून घेत असताना, तो मेसेज आला. मी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मेथीची जुडी हातात घेऊन तशीच चालायला लागले. भाजीवाली मागून ओरडली. मामींनी तिला पैसे दिले आणि सांगितलं, "बाई, आज तिला काय बोलू नका."

नवा मजला सुरू झाला तेव्हा मी तिथे होते. माझ्या बिल्ल्यावर माझं नाव होतं, त्याखाली 'श्वसनोपचार तज्ज्ञ' आणि त्याखाली क्रमांक. पहिल्याच सकाळी माझ्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम करणारे एक काका होते. न्यूमोनियाने बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी राउंडला पाहिलं, स्वतःहून श्वास घेण्याची चाचणी मी घेतली, आकडे सांगितले. "मग नळी काढू या. तुम्ही काढा," ते मला म्हणाले आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मी आजूबाजूला पाहिलं. मॅडम मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पेशंटपाशी होत्या, माझ्याकडे पाठ करून.

मी काकांच्या कानाशी वाकले. "काका, आता नळी काढतेय. मी सांगेन तेव्हा जोरात खोकायचं." त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मी नळीतला आणि तोंडातला कफ ओढून घेतला, पट्टी सोडवली, नळी घशात धरून ठेवणाऱ्या फुग्यातली हवा काढली. "मोठा श्वास घ्या. आता खोका!" आणि नळी बाहेर आली.

काका खोकले. ओला, खरखरीत, छातीच्या तळातून आलेला, पलंग हलवणारा खोकला. मग आणखी एक. माणसं खोकला घालवायला दवाखान्यात येतात, आणि मी तिथे मास्क हातात धरून, तो आवाज पुन्हा यावा म्हणून जीव टाकून ऐकत होते. मी मास्क लावला, पडदा पाहिला. ऑक्सिजन ठीक, श्वासाची गती ठीक. काकांच्या घशात आता नळी नव्हती आणि छाती आपली आपण वर-खाली होत होती.

"बोलून बघा, काका."

त्यांनी ओठ ओले केले. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. "बाई," ते म्हणाले, "अजून खोकू?"

"खोका," मी म्हणाले. "हवं तेवढं खोका."